सोबर होमसाठी घर-तपासणी सेवा : भिंतींना पूर्ण गुण, माणसांना कमी

घर विकत किंवा भाड्याने घेण्याआधी ते यंत्रांच्या साहाय्याने तपासून लेखी अहवाल देणारी सेवा पुण्या-मुंबईत बऱ्यापैकी रुळली असून आता ती नाशिकमध्येही मिळते. आमच्या मंडळाने ती पंचवटीच्या बाजूला, मखमलाबाद रस्त्यापासून थोड्या आत असलेल्या एका जुन्या दुमजली बंगल्यासाठी घेतली. तो बंगला आम्हाला सोबर होमसाठी भाड्याने हवा होता. व्यसनमुक्ती केंद्रातले उपचार पुरे करून बाहेर पडलेल्या, परंतु लगेच घरी परतण्याची ज्यांची स्थिती नाही अशा दहा-बारा पुरुषांनी काही महिने एकत्र राहावे, दिवसा कामावर जावे, संध्याकाळी व्यसनमुक्तीच्या मीटिंगला बसावे आणि आपापला खर्च उचलावा, अशी ही व्यवस्था असते. तपासणी करणाऱ्या संस्थेचे नाव येथे दिलेले नाही, कारण पुढे ज्या उणिवा सांगितल्या आहेत त्या एका संस्थेच्या नसून या सेवेच्या ठरलेल्या साच्याच्या आहेत, असे माझे मत आहे.

आपल्याकडे उपचार केंद्रे नवी नाहीत. पुण्यातील मुक्तांगण १९८६ मध्ये सुरू झाले आणि त्यानंतर राज्यभर अशी अनेक केंद्रे उभी राहिली. उपचार संपल्यानंतर राहायचे कोठे, या प्रश्नाकडे मात्र त्या मानाने कमी लक्ष गेले. अमेरिकेत मेरिलँड राज्यातील सिल्व्हर स्प्रिंग येथे १९७५ मध्ये पहिले ऑक्सफर्ड हाउस सुरू झाले. तेथे राहणारेच मतदानाने घर चालवतात, भाडे वाटून घेतात आणि जो पुन्हा दारू किंवा ड्रग्ज घेईल त्याला घर सोडावे लागते. आमच्या डोळ्यांसमोर साधारण हेच रूप होते. अशा घरात डॉक्टर, परिचारिका किंवा वॉर्डबॉय नसतो. म्हणून जागा निवडताना जे पाहायचे राहून जाते, ते नंतर सांभाळून घेणारेही तेथे कोणी नसते.

आधी जे चांगले होते त्याविषयी सांगतो, कारण ते खरोखरच चांगले होते. ठरल्या वेळेला एक स्थापत्य अभियंता आणि एक विद्युत तंत्रज्ञ आले. त्यांच्याजवळ ओलावा मोजणारे मीटर, थर्मल कॅमेरा, लेव्हल, सॉकेट तपासण्याचे टेस्टर आणि टोकाला धातूची गोळी असलेली एक लांब दांडी एवढे साहित्य होते. त्या दांडीने त्यांनी तळमजल्यावरची जवळजवळ प्रत्येक फरशी वाजवून पाहिली. भरीव फरशीचा आवाज घट्ट येतो, तर खालचे सिमेंट सुटलेल्या फरशीचा पोकळ. जेथे पोकळ आवाज आला तेथे खडूची फुली मारून त्यांनी फोटो काढले. मोरीत बादलीभर पाणी ओतून ते जाळीकडे जाते की कोपऱ्यात साचते, हेही पाहिले. वरच्या मजल्यावरच्या मोरीत ते दाराकडे आले, आणि खालच्या खोलीच्या छतावरचा पिवळट डाग कशाचा, हे मालकांनाही आमच्या देखत कळले.

दिवाणखान्यातील प्रसंग तर मुद्दाम सांगण्याजोगा आहे. उत्तरेकडच्या भिंतीला कमरेइतक्या उंचीपर्यंतच ताजा ऑइलपेंट दिलेला होता आणि त्यावरचा भाग जुन्या डिस्टेंपरचा होता. आम्हाला ती हौशीची रंगसंगती वाटली. अभियंत्याने मीटरचे दोन काटे भिंतीला टेकवले, तशी खालच्या भागात सुई थेट वरच्या टोकाला गेली. घरमालक काका म्हणाले, “अहो, पावसाळ्यात थोडीफार ओल कोणत्या घराला येत नाही?” त्यावर अभियंत्याने शांतपणे उत्तर दिले, “काका, ही ओल वरून उतरलेली नाही, जमिनीतून चढलेली आहे. रंगाने ती झाकते, जात नाही. पुढच्या पावसाळ्यानंतर पोपडे धरतील.” दमा किंवा जुना खोकला असलेल्या माणसाचा पलंग त्या भिंतीला लावायचा नाही, हे आम्ही तेथेच ठरवून टाकले.

नाशिकच्या बऱ्याच भागात पायाखाली काळी माती आहे. ती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते, त्यामुळे जुन्या बैठ्या बांधकामांच्या भिंतींना खिडकीच्या कोपऱ्यापासून तिरप्या भेगा पडतात. या बंगल्याला तशा दोन भेगा होत्या. अभियंत्याने घबराट न पसरवता भेगेवर सिमेंटने काचेची पट्टी बसवून ठेवण्यास सांगितले. पट्टी तडकली तर भेग अजून हलते आहे, आणि शाबूत राहिली तर निव्वळ गिलाव्याचे काम पुरेल, असा त्याचा खुलासा होता. जुन्या मिस्त्रींनाही ठाऊक असलेला हा उपाय त्याने फोटोसह अहवालात लिहून दिला, याचे मला कौतुक वाटते.

विजेची तपासणी तर याहून सरस झाली. मुख्य बोर्डावर अजून चिनी मातीचे किटकॅट फ्यूज होते, वरच्या मजल्यावरच्या बहुतेक प्लगांना अर्थिंग नव्हते आणि गळती होताच वीज तोडणारा आरसीसीबी कोठेच नव्हता. तंत्रज्ञाने तीस मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवल्याशिवाय गीझर लावू नका, असे स्पष्ट लिहून दिले. सकाळी पाच ते सात या दोन तासांत बारा माणसे एकामागून एक आंघोळ करणार असतील, तर ही सूचना सर्वात आधी अमलात आणावी लागते. घरमालकांशी बोलणी करताना आमच्या हातात हा एकच कागद असता तरी फी वसूल झाली असती.

पूररेषेचा मुद्दाही त्यांनी आपणहून काढला. सप्टेंबर २००८ चा पूर आणि ४ ऑगस्ट २०१९ चा पूर नाशिककरांच्या लक्षात आहेत. गोदावरीच्या पात्रात उभा असलेला दुतोंड्या मारुती कोठपर्यंत बुडाला यावरून येथे पाण्याची उंची सांगितली जाते. पंचवीस वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची निळी रेषा आणि शंभर वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची लाल रेषा, या दोन्हींच्या बाहेर हा बंगला आहे की नाही, हे महापालिकेच्या नगररचना विभागाकडून खात्री करून घ्यावे, असा सल्ला अहवालात होता. भाडेकरू सहसा हे पाहत नाही.

आता उणिवांकडे येतो. तपासणीच्या अर्जात एक रकाना होता : ‘कुटुंबातील सदस्य’. आम्ही तेथे ‘बारा, परस्परांशी नाते नसलेले प्रौढ पुरुष’ असे लिहिले. अहवाल आला तेव्हा त्या जागी ‘कुटुंब, निवासी वापर’ एवढेच छापलेले होते आणि पुढची सगळी मते त्याच गृहीतकावर बेतलेली होती. गच्चीवरची एक हजार लिटरची टाकी ‘पुरेशी’ ठरवली होती. फ्लशचे संडास असलेल्या घरात माणशी दिवसाला १३५ लिटर पाणी धरण्याची आपल्याकडे पद्धत आहे. त्या हिशेबाने बारा जणांना १,६२० लिटर लागते, आणि नळाला एक दिवस पाणी आले नाही तर या घरात सकाळी आठलाच भांडण सुरू होईल. व्यसनातून नुकत्याच बाहेर आलेल्या माणसांच्या घरात पाण्यावरून झालेले भांडण पाण्यापुरते राहत नाही, हे ज्यांनी अशी घरे चालवली आहेत ते सांगतील.

संडास-मोरीचेही तसेच. बंगल्यात दोन संडास होते आणि ‘दोन्ही चालू स्थितीत’ हा शेरा खराच होता. अमेरिकेत अशा निवासांसाठी राष्ट्रीय पातळीवरील संघटनेने जी मानके केली आहेत, त्यांत सहा रहिवाशांमागे एक संडास, एक बेसिन व एक स्नानगृह आणि झोपण्याच्या खोलीत प्रत्येक पलंगामागे किमान पन्नास चौरस फूट जागा धरलेली आहे. आपल्याकडे तो नियम लागू नाही. तरीही मोजपट्टी म्हणून तो हाताशी असला की ‘कोपऱ्यात अजून एक कॉट बसेल’ या मोहाला आळा बसतो. हा मोह फार बळकट असतो, कारण एक कॉट वाढली की प्रत्येकाच्या वाट्याचे भाडे कमी होते. या मोजपट्टीने पाहिले तर दोन संडासांत बारा जण जेमतेम बसत होते; मात्र खोल्यांच्या मापाने हे घर नऊ जणांपेक्षा अधिकांचे नव्हते. अहवालात खोल्यांची मापे अचूक दिलेली होती, ती वापरून हा हिशेब आम्हालाच करावा लागला.

आगीच्या बाबतीत तर साचा बदलायलाच हवा होता. राष्ट्रीय इमारत संहिता २०१६ मध्ये एका-दोन कुटुंबांचे खासगी घर हा एक वर्ग आहे, तर लॉजिंगची घरे आणि सामायिक शयनगृहे हे वेगळे वर्ग आहेत. बारा अनोळखी माणसे कॉट टाकून राहू लागली की इमारत तीच राहते, तिचा वापर मात्र पहिल्या वर्गातून बाहेर पडतो. या बंगल्याच्या प्रत्येक खिडकीला भिंतीत गाडलेले लोखंडी ग्रील होते, वरच्या मजल्यावरून उतरायला एकच लाकडी जिना होता आणि त्या जिन्याखाली गॅस सिलिंडरची जागा होती. चोरांचा विचार करून केलेली ही रचना चौघांच्या कुटुंबात खपून जाते. येथे कोणी तरी रात्री पलंगावर बिडी ओढणार, हे गृहीत धरूनच चालावे लागते. नियम केला तरी. सिलिंडर बाहेरच्या हवेशीर कट्ट्यावर हलवणे, वरच्या एका खिडकीचे ग्रील आतून उघडणाऱ्या दाराचे करणे, धूर ओळखणारे गजर लावणे आणि बाहेरून लोखंडी जिना बांधणे या चार गोष्टी आमच्या ओळखीच्या एका निवृत्त अग्निशमन अधिकाऱ्याने चहा पिता पिता सांगितल्या. सशुल्क अहवालात ‘सुरक्षा ग्रील : मजबूत’ असा हिरवा शेरा होता.

बारीकसारीक गोष्टी आणखी आहेत. मोरीचे दार आत उघडत होते. फिट येऊन माणूस दारामागेच पडला तर ते बाहेरून ढकलताही येणार नाही, म्हणून अशा घरात दारे बाहेर उघडणारी आणि कडी बाहेरून नाण्याने फिरवता येईल अशी हवी. गच्चीचा कठडा ‘सुस्थितीत’ होता, परंतु त्याची उंची कोणी मोजली नाही. आम्ही टेप लावला तर ती जेमतेम अडीच फूट भरली. किमान एक मीटर तरी असायला हवी. पहिल्या काही महिन्यांत झोप नीट लागत नाही, मन खचलेले असते आणि माणसे रात्री गच्चीत येऊन बसतात, तेव्हा त्या कमी पडलेल्या इंचांना फार महत्त्व येते. औषधे कुलपात ठेवायला भिंतीतले कपाट आहे का, हे तर कोणत्याच रकान्यात नव्हते.

गेटपर्यंत रुग्णवाहिका येते का, हाही प्रश्न तपासणीत हवा. सोबर होम हे दारू सोडवण्याचे ठिकाण नव्हे. परंतु एखादा घसरला आणि चार दिवस लपून पिऊन अचानक थांबला, तर पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते आणि साधारण दोन ते चार दिवसांच्या दरम्यान भ्रम, थरथर, ताप असे जिवावर बेतणारे दुखणे उद्भवू शकते. अशा वेळी त्याला खोलीत झोपवून ठेवायचे नसते. १०८ ला फोन करून रुग्णालयात न्यायचे असते. बंगल्यासमोरची गल्ली रुंद होती, पण रात्री दोन्ही बाजूंना गाड्या लागल्यावर तिच्यातून रिक्षासुद्धा जपून काढावी लागत होती. संस्थेने मोजली ती आवारातली पार्किंगची जागा.

या सगळ्याहून मोठी उणीव वेळेची होती. तपासणी सकाळी अकराला झाली. त्या वेळी ती गल्ली इतकी शांत होती की शेजारच्या आजी ओसरीत गहू निवडत बसल्या होत्या आणि आम्हाला ‘इथे दवाखाना निघणार का?’ असे विचारत होत्या. वरच्या मजल्यावरच्या पश्चिमेकडील खोलीविषयी अहवाल म्हणतो : ‘नैसर्गिक प्रकाश व वायुवीजन उत्तम.’ त्याच खोलीच्या बाल्कनीत आम्ही संध्याकाळी साडेसातला उभे राहिलो. मागच्या रस्त्यावरच्या एका परमिट रूमचे मागचे आवार बरोबर खाली होते. पोऱ्या रिकाम्या बाटल्या क्रेटमध्ये भरत होता आणि प्रत्येक बाटलीचा आवाज स्वच्छ वर येत होता. तळलेल्या चकन्याचा वास आणि त्यात मिसळलेला तो दुसरा वास त्याच उत्तम वायुवीजनाने थेट पलंगाच्या जागेपर्यंत पोचत होता. पुढे कोपऱ्यावर अंडाभुर्जीची गाडी होती आणि तिच्याभोवती पाण्याचे ग्लास हातात घेऊन उभ्या असलेल्या मंडळींच्या ग्लासात निव्वळ पाणी नव्हते. जो माणूस साठ दिवस न पिता राहिला आहे त्याला दारूची जाहिरात फारशी छळत नाही. त्याला बाटलीवर बाटली आपटल्याचा आवाज छळतो, कारण त्याच्या देहाला तो ओळखीचा आहे.

द्राक्षांच्या आणि वाइनच्या या जिल्ह्यात दारूपासून पूर्णपणे दूर असलेली गल्ली सापडणार नाही, हे आम्हाला मान्य आहे. तशी अपेक्षाही नाही, कारण रहिवाशाला शेवटी याच शहरात राहायचे आहे. कामावर जाताना वाटेत चार दुकाने लागली तरी चालतात. झोपण्याच्या खोलीत दुकान येऊ नये, एवढेच पाहायचे असते. त्याच्या जोडीला निमाणी बसस्थानकाला जाणारी सिटीलिंकची शहर बस चालत गाठता येते का, म्हणजे तेथून सातपूर किंवा अंबडच्या कारखान्यात पाळीवर जाता येईल. रात्रपाळीहून परतणाऱ्याला वाटेत उजेड आहे का. आणि अल्कोहोलिक्स अनॉनिमस या दारू सोडणाऱ्यांच्या परस्पर-मदत गटाची मीटिंग किती अंतरावर भरते, हे पाहावे. इमारत तपासणाऱ्यांकडून यातल्या सगळ्याची अपेक्षा करणे अन्यायाचे होईल. पण जागेचा वापर विचारून घेतल्यावर संध्याकाळची एक फेरी मारणे त्यांना अशक्य नव्हते.

कागदपत्रे तपासणे त्यांच्या सेवेत नाही, असे त्यांनी आधीच लेखी कळवले होते, त्यामुळे त्याबद्दल तक्रार नाही. तरीही ही सेवा घेणाऱ्या कोणत्याही मंडळाने तीन गोष्टी स्वतंत्रपणे पाहाव्यात. इमारतीचे भोगवटा प्रमाणपत्र पाहावे. लीव्ह अँड लायसन्स करारात वापराचा स्पष्ट उल्लेख असावा आणि महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ नुसार तो नोंदणीकृत असावा; ‘पाहुणे मंडळी राहतील’ अशी मोघम भाषा पुढे घरमालक आणि भाडेकरू दोघांनाही अडचणीत आणते. तिसरी गोष्ट अधिक नाजूक आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ मध्ये दारू व अमली पदार्थांच्या सेवनाशी निगडित मानसिक अवस्था मानसिक आजाराच्या व्याख्येत येतात, आणि अशा व्यक्तींना देखभाल किंवा पुनर्वसनासाठी ठेवणाऱ्या आस्थापनांना राज्य प्राधिकरणाकडे नोंदणी लागते. आपले घर त्या व्याख्येत बसते की नाही, याचे लेखी मत वकिलाकडून करारापूर्वी घ्यावे. दाराला बाहेरून कुलूप लावण्याची वेळ येईल अशी रचना तर मुळीच नको. तेथे राहणारा प्रौढ माणूस आपल्या मर्जीने आलेला असतो.

अहवालाच्या भाषेबद्दल एक नाराजी नोंदवतो. तो संपूर्ण इंग्रजीत होता. घरमालक काकांनी तो चाळून बाजूला ठेवला आणि कामासाठी बोलावलेल्या मिस्त्रींनी फोटोंवरच्या लाल वर्तुळांवरून अंदाज बांधला. मराठीत दोन पानी सारांश मागितल्यावर संस्थेने तो विनामूल्य पाठवला, हे खरे; पण तो आला तेव्हा काकांचे मत बनून गेले होते. जो कागद दाखवून दुरुस्ती मागायची, तो समोरच्याला वाचता आला पाहिजे.

फी चौरस फुटावर आकारली जाते आणि एखाद्या ओळखीच्या इंजिनिअरला चहापाण्यावर बोलावण्यापेक्षा ती अर्थातच बरीच जास्त आहे. तरीही मी ती महाग म्हणणार नाही, कारण ओळखीचा माणूस घरमालकासमोर संकोचाने बोलतो आणि लिहून तर काहीच देत नाही. ओल, भेगा, वीज आणि गळती एवढ्यांसाठी ही सेवा जरूर घ्यावी. वसतिगृह, वृद्धाश्रम, पाळणाघर किंवा सोबर होम यांपैकी काही काढायचे असेल, तर मात्र आपली वेगळी यादी तयार करून ती तपासणीच्या आधी त्यांच्याकडून मान्य करून घ्यावी.

हा बंगला आम्ही घेतला नाही. काका वायरिंग बदलून द्यायला आणि कठडा वाढवायला तयार होते, परंतु पश्चिमेकडची बाल्कनी बदलणे त्यांच्या हातात नव्हते. आता इंदिरानगरला एक घर पाहण्यात आले आहे. त्यासाठी याच संस्थेला पुन्हा बोलावले असून भेटीची वेळ संध्याकाळी सातची मागितली आहे. त्याचे शुल्क वेगळे पडेल असे त्यांनी कळवले आहे आणि ते आम्ही मान्य केले आहे.